पश्चिमेची खिडकी

१

आमच्या घरात माणसं बसायची ती वाऱ्याचा अंदाज घेऊन. बाहेरच्या खोलीत दाराशेजारी बसलं की मानेला गार लागायचं, म्हणून खुर्ची कायम कोपऱ्यात. स्वयंपाकघरात गॅसच्या कडेला पत्र्याचा तुकडा उभा केलेला, नाहीतर ज्योत सारखी फडफडायची. पाहुणा आला की आई त्याला बरोबर जागा दाखवून बसवायची आणि पाहुण्याला वाटायचं, केवढा हा मान. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण अजून मी चहाचा कप घेऊन त्याच कोपऱ्यात बसतो.

आष्टीच्या पश्चिम टोकाला, ओढ्याच्या काठावर हे आमचं चार खोल्यांचं घर. काळा दगड, मातीच्या गाऱ्यात बांधलेला. वडील, रामकिसन, गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी हे घर विकत घेतलं तेव्हाच ते जुनं होतं. पुढं वरचं मातीचं माळवद काढून छताला पत्रे आले, शहाबादी फरशी आली, खिडक्या मात्र त्याच राहिल्या. सागवानी चौकटी, उभे गज आणि ऊनपावसानं वाकलेल्या झडपा. झडप लावून कडी घातली तरी मधून माझं बोट आरपार जायचं.

मी इथल्याच एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आमची मुलगी आरोही, तिच्या शिक्षणासाठी बायको पुण्यात खोली घेऊन राहते. घरात मी आणि माझी धाकटी बहीण शिवकन्या. नवरा वारल्यावर शिवकन्येनं चौदा वर्षं माजलगावकडच्या एका जिनिंगमध्ये काढली. सरकीपासून कापूस सोडवताना तिथं हवेत जे उडतं ते हळूहळू तिच्या छातीत बसलं. मागच्या दिवाळीत मी तिला घरी घेऊन आलो तेव्हा फाटकापासून ओट्यापर्यंत यायला तिला दोनदा थांबावं लागलं. थांबली की ती हसायची, जणू मुद्दामच थांबलीय, झाडं बघायला.

नगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सर, औषधं मी देतो. पण धूळ आणि गार वारा तिच्यापर्यंत पोचता कामा नये. हा हिवाळा तिनं तशाच घरात काढला तर पुढचं मला विचारू नका."

येताना एसटीत शिवकन्या खिडकीकडची जागा सोडून माझ्या या बाजूला येऊन बसली. 

२

सगळ्या खिडक्या काढून काचेच्या सरकत्या बसवायच्या तर किती खर्च येईल ते दुकानदारानं मला कागदावर लिहून दिलं. तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा उघडला नाही. मग सुग्रीव मिस्त्रींना बोलावलं.

सुग्रीव मिस्त्री साठीचे. कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्यांनी चारही खिडक्यांवर टिचक्या मारून पाहिल्या.

"सर, समद्या कावून काढता? सागाच्या चौकटी हायत. तुमच्या-आमच्या मागं बी ऱ्हातील. झडपांना रंधा मारू, बिजागऱ्या बदलू, फटीत लांबी, म्हंजी पुट्टी, भरू. वरून रबराची पट्टी. तीन खिडक्या तशाच निघतील." मग ते शिवकन्येच्या खोलीतल्या पश्चिमेच्या खिडकीपाशी थांबले. चौकटीच्या खालच्या लाकडात त्यांनी पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. "ही मातर गेली. हिला नगरला जुन्या लाकडात बघू एखादी. पाडलेल्या घराची मिळंल, काचंची. सस्त्यात."

फट कुठं कुठं आहे हे शोधायची त्यांची पद्धत मला आवडली. उदबत्ती पेटवायची आणि चौकटीच्या कडेनं हळूहळू फिरवायची. जिथं धूर झुकेल तिथं पेन्सिलीची खूण. वर्गात दाखवण्यासारखा प्रयोग होता. तीन खिडक्यांवर धूर एका बाजूला, खोलीच्या आत झुकायचा आणि तसाच राहायचा. पश्चिमेच्या खिडकीपाशी तो आत झुकला, सरळ झाला, मग खिडकीकडं झुकला. पुन्हा सरळ. पुन्हा आत.

सुग्रीव मिस्त्री बराच वेळ उदबत्ती धरून उभे राहिले. राख त्यांच्या बोटावर पडली.

"सर, भायेर बघा जरा."

बाहेर ओढ्यापलीकडं चिंच होती. तिचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"वारं न्हाई," ते म्हणाले.

"पत्रे तापले की घरातली हवा वर जाते, बाहेरची आत ओढली जाते," मी म्हणालो. "दाब कमीजास्त होतो." वीस वर्षं शिकवल्यावर उत्तर आधी येतं, विचार मागून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चौकट उचकटून काढली आणि भिंतीतल्या मोकळ्या जागेतून बाहेर वाकून पाहिलं. त्या बाजूला भिंत सरळ ओढ्याच्या पात्रात उतरते. खाली दोन पुरुष खोल, पाय टेकवायला खाचसुद्धा नाही.

"सर, इकडून जनावर येतं का वो? हितं तोंड घासल्यागत झालंय."

मी वाकून हात लावला. आमचा काळा दगड खरखरीत आहे, हात फिरवला तर कातडी सोलेल असा. पण खिडकीच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर फटीसमोर, पंजाएवढी जागा गुळगुळीत होती. देवळाचा उंबरा होतो तशी. आणि ओलसर. डिसेंबर महिना होता, पाऊस जाऊन दोन महिने झालेले.

"पाझरत असेल," मी म्हणालो.

"वरनं न्हाई, खालनं न्हाई, मधीच कावून पाझरंल?"

 सुग्रीव मिस्त्रींनी बोटं धोतराला पुसली, मग हौदावर जाऊन हात धुऊन आले आणि कामाला लागले.

३

नगरहून आणलेली खिडकी चार बोटं आखूड निघाली. तिच्याभोवती भरायला लाकूड कापून आणेपर्यंत तीन दिवस जाणार होते. तेवढे दिवस भिंतीतल्या त्या भगदाडावर आम्ही आतून ताडपत्री ठोकली आणि शिवकन्येचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला.

ती तिथून आपल्या खोलीचं दार दिसेल अशी पडून राहायची. पहिल्या दिवशी शाळेतून आलो तेव्हा ताडपत्रीचा आवाज फाटकापर्यंत येत होता. फुगायची, ताणायची, मग थाडकन भिंतीवर आपटायची. शेजारच्या साखराबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सर, तेवढं ते बांधून घ्या बाई. दुपारची झोप न्हाई." मी खालच्या टोकाला दोन विटा बांधल्या. तरी आवाज थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी आलो तर सगळं शांत.

"वारा पडला वाटतं," मी म्हणालो.

शिवकन्येनं मान हलवली. "पडला न्हाई. भायेर बघ की."

बाहेर धुरळा उडत होता. चिंच नुसती घुसळत होती. मी खोलीत जाऊन पाहिलं. ताडपत्री सरळ लोंबत होती, पडद्यासारखी. मी तिला हात लावला नाही. खाली बांधलेल्या विटांपैकी एक फरशीवर पडली होती, आणि कोपऱ्यातले दोन खिळे सुटून आतल्या बाजूला वाकले होते.

"कधी थांबली ती?" मी विचारलं.

"सकाळीच. तू गेल्यावर एकदा लई मोठ्यानं आपटली. मंग गप."

वाऱ्यानं खिळे निघाले, त्या फटीतून दाब मोकळा झाला, म्हणून ताडपत्री फुगायची थांबली. मी हे तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. त्या रात्री मी नवे खिळे ठोकले, आणि दुसऱ्या दिवशी सुग्रीव मिस्त्रींनी खिडकी बसवली.

४

फटी बुजल्यावर घर एवढं शांत होईल असं मला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात वाऱ्याचा एक सूं-सूं आवाज होता, तो आपण ऐकतोय हेच आम्ही विसरून गेलो होतो. आता भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. स्वयंपाकघरात ज्योत निळी, सरळ उभी राहायची. मी गॅसजवळचा पत्रा काढून टाकला.

शिवकन्या सुधारायला लागली. आठ दिवसांत ती फाटकापर्यंत न थांबता गेली. दहाव्या दिवशी मी आलो तर तिनं भाकरी टाकून ठेवल्या होत्या. मी वर्गात पोरांना विनाकारण हसून बोलायला लागलो.

नव्या खिडकीला तिनं निळा पडदा शिवला होता. एका रविवारी दुपारी मी तिच्या खोलीत पेपर तपासत बसलो होतो. ती पलंगावर झोपलेली. माझ्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं म्हणून मी मान वर केली. पडदा खिडकीच्या काचेला जाऊन चिकटत होता. मग सुटायचा. मग परत जाऊन चिकटायचा.

मी उठून खिडकी तपासली. कडी घट्ट, पट्टी घट्ट. हाताची ओली पाठ चौकटीभोवती फिरवली, कुठं गार लागेना. मग मी देवघरातून उदबत्ती आणली आणि खिडकीपाशी धरली. धूर सरळ वर गेला. मागं सरकलो. खोलीच्या मध्यावर आलो, पलंगाच्या उशाशी, आणि धूर झुकला. झुकला, सरळ झाला, दुसरीकडं झुकला.

म्हणजे वारा खिडकीतून येत नव्हता. पलंगाच्या कडेला, जमिनीपासून साधारण तीन हातांवर एक जागा होती, तिथून तो सुटत होता आणि तिथंच परत जात होता.

झोपलेल्या माणसाच्या श्वासानं धूर हलतो हे मला कळतं. पण शिवकन्या भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी तिच्या पाठीकडं बघत मनगटावरच्या घड्याळावर मोजायला लागलो. तिची पाठ वर यायची, आणि एका सेकंदानं धूर आत ओढला जायचा. पाठ खाली जायची, एका सेकंदानं धूर बाहेर. कुणीतरी धडा गिरवावा तसं. बाईंनी एक ओळ म्हणायची, मागोमाग पोरानं म्हणायची.

सोमवारी मी शाळेतून चुन्याची निवळी घेऊन आलो. दहावीच्या पोरांना आम्ही नळीनं तिच्यात फुंकायला सांगतो. श्वासातल्या वायूनं निवळी दुधाळ होते. शिवकन्या अंगणात ऊन खात बसली होती. तिची खोली मी सकाळपासून उघडी टाकलेली, हवा खेळू दिलेली. मग दार-खिडकी लावून एक पेला तिच्या पलंगाजवळ स्टुलावर ठेवला, दुसरा स्वयंपाकघरात. तासानं पाहिलं. स्वयंपाकघरातला पेला होता तसा स्वच्छ. खोलीतला पेला ताकासारखा पांढरा झाला होता.

पेला नीट धुतला नसेल. निवळी गाळताना चूक झाली असेल. मी दुसऱ्या दिवशी पेले अदलाबदल करून पुन्हा पाहिलं, आणि त्यानंतर शाळेतून निवळी आणणं बंद केलं.

५

"तुला कळलंय ना?" शिवकन्येनंच विचारलं. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो.

"काय?"

"दादा, उदबत्ती घेऊन तू काय पूजा करतोस का माझ्या खोलीत?"

मी हातातली शेंग फोडली. मग विचारलं, "तुला कधीपासून?"

"ताडपत्रीच्या दिवसापासनं. पण ते पहिलं बी यायचंच की. भायेरनं. आईला ठाव होतं. ती त्या फटीत चिंध्या कोंबायची बघ."

"त्या वाऱ्यासाठी कोंबायची."

"मंग बाकीच्या तीन खिडक्यांत कावून न्हाई कोंबल्या?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"भीती वाटत नाही तुला?"

तिनं एक शेंग उचलली. बोलताना आता तिला दम लागत नव्हता, हे मला त्याच क्षणी जाणवलं. "बुधवारी तू शाळेत गेलतास तवा मला लई जोराची धाप लागली. औषधाचा फवारा घेतला, काही उपेग न्हाई. वाटलं, संपलं आता. मंग ते शेजारी सुरू झालं. हळू. आत, भायेर. मी त्याच्या मागं मागं गेले. जसं ते, तसं मी. दहा मिंटांत मोकळी झाले." तिनं शेंगेतला दाणा तोंडात टाकला. "चौदा वर्षं दादा, मला एकटीलाच श्वास घ्यावा लागला. तुला न्हाई कळायचं ते."

पंधरा दिवसांनी नगरला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी दोनदा छाती तपासली आणि म्हणाले, "काय केलंत सर? असं बरं झालेलं मी फार पाहिलं नाही."

"खिडक्या बदलल्या," मी म्हणालो.

परत येताना मी स्वतःशी भांडत होतो. माझी बहीण बरी होत होती. ज्याच्यामुळं ती बरी होतेय त्याला नाव नाही, रूप नाही, म्हणून मी कुरकुर करायची? औषधाच्या गोळीत काय असतं ते तरी आपण कुठं बघतो? शिवकन्या खिडकीकडं बसून बाहेरचे डोंगर बघत होती. तिचा चेहरा भरला होता. मी ठरवलं, आता पुन्हा मोजायचं नाही.

पण सवय वाईट. त्याच शनिवारी ती झोपलेली असताना माझी नजर तिच्या पाठीवर गेली, उशाशी जळणाऱ्या उदबत्तीवर गेली, आणि मी मोजलं. धूर आत गेला. एका सेकंदानं तिची पाठ वर आली. धूर बाहेर आला. एका सेकंदानं पाठ खाली गेली.

ओळ आता ती म्हणत नव्हती. ते तिला म्हणायला लावत होतं.

६

रविवारी सकाळी मी तिला म्हणालो, पलंग बाहेरच्या खोलीत घेऊ. ती नको म्हणाली. मी केजच्या केसरबाईचा, म्हणजे आमच्या मावसबहिणीचा, विषय काढला. चार दिवस जाऊन ये म्हणालो.

"बरं वाटतंय तर तुला खुपतंय का?" ती म्हणाली. एवढी कडू ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

जेवण झाल्यावर ती आडवी झाली. मी खुर्ची घेऊन दाराशी बसलो. तीन वाजले असतील. नव्या खिडकीच्या काचेतून उन्हाची तिरपी पट्टी आत आली होती, ती बरोबर पलंगावरून जात होती. उदबत्तीचा धूर त्या उन्हात आला की दुधासारखा उजळायचा. आत, बाहेर. आत, बाहेर. त्याच्या मागं शिवकन्या. तिचे डोळे उघडे होते.

मग धूर थांबला.

आत ओढला गेला आणि परत आलाच नाही. पलंगाच्या कडेला उन्हात धुराचं एक वेटोळं लोंबत राहिलं. शिवकन्येची छाती वर आलेली, ती तशीच राहिली. मी वाट पाहिली. सात. आठ. तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. सणाच्या दिवशी माहेरी आल्यावर बायकांच्या चेहऱ्यावर असतं तसलं काहीतरी होतं. अकरा. बारा.

"शिवे!" मी ओरडलो. "शिवे, सोड! श्वास सोड!"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी खिडकीकडं धावलो. पलंग आणि खिडकी यांच्या मधून जाताना एका जागी हवा कोमट लागली. नुकतंच कुणी उठून गेलेलं अंथरूण असतं तशी. पट्टीमुळं खिडकी इतकी घट्ट बसली होती की कडी निघेना. मी तळहातानं ठोकली, मग खांद्यानं. बोटाचं कातडं सोललं. झडप एकदम उघडली आणि ओढ्यावरून गार, धुळीचा, खरा वारा भसकन आत आला.

मी वळून पाहिलं.

वाऱ्याबरोबर उदबत्तीचा धूर आणि बाहेरची धूळ पलंगाकडं निघाली होती. सरळ पलंगावर जायला हवी होती. ती मधेच दुभंगली. ओढ्याच्या पाण्यात दगड असला की पाणी त्याच्या वरून आणि दोन्ही अंगांनी जातं, तशी ती कशाच्या तरी वरून गेली. उन्हात मला एक पाठ दिसली. म्हणजे पाठ नव्हे, पाठीएवढी जागा, जिथं धूळ नव्हती. ती पलंगावर ओणवी झाली होती. पाठीच्या पुढं मानेचा बाक. तो शिवकन्येच्या तोंडाकडं खाली उतरत होता. मानेचा बाक जिथं संपायला पाहिजे तिथं तो संपला नाही.

हे मी किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. पाहिलं का, हेही मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मग उदबत्ती विझली, ऊन-धूळ-वारा सगळं एक झालं, आणि शिवकन्येनं जुनं लुगडं टरकावं तसल्या आवाजात श्वास घेतला.

मी तिला उठवून बसवलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खोकत होती, रडत होती.

"कावून उघडलीस दादा?" ती म्हणाली. "मी लई लांब गेलते. तिथं काहीच लागत नव्हतं. श्वास बी लागत नव्हता."

७

तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिला केजला पोचवून आलो. केसरबाईचं घर नवं, सिमेंटचं, बाजारापासून जवळ. कोंदट नाही की भणाण नाही. केसरबाईनं तिला बघितल्या बघितल्या जवळ घेतलं. निघताना शिवकन्या फाटकापर्यंत आली. दोनदा थांबली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

इकडं मी पश्चिमेची खिडकी उघडीच ठेवली. दुसऱ्या कामासाठी आलेले सुग्रीव मिस्त्री ती बघून म्हणाले, "सर, एवढी चांगली बसवलीय. लावू का?"

"राहू द्या," मी म्हणालो.

 त्यांनी माझ्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं आणि हत्यारांची पिशवी उचलली.

मी त्या खोलीत जाऊन बसायला लागलो. भीतीवर तोच एक उपाय असतो, असं मी पोरांना सांगत आलोय. उदबत्ती लावायचो, धूर वाऱ्यानं एका अंगाला झुकून राहायचा. खिडकी लावून बघितलं, धूर सरळ वर गेला. शेवटी धीर करून पुन्हा निवळीचा पेला ठेवला. तीन दिवस तो काचेसारखा स्वच्छ राहिला. ते गेलं होतं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, आणि जसजसे दिवस गेले तसतसं मला त्या रविवारचं सगळं अतिश्रमाचं, काळजीचं, उन्हातल्या धुळीचं वाटायला लागलं. दुसरं काय असणार?

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी, शाळा सुटल्यावर, शिवकन्येचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

"दादा, आज मी गच्चीवर जाऊन आले. एका दमात. केसर तर बघतच राहिली. म्हणली, तुला काय झालंय म्हणून तुझा दादा एवढा घाबरलता?"

"वा!" मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय लांब करून बसलो. ती सांगत राहिली. केसरबाईच्या शेळीला दोन करडं झाली, एकाच्या कपाळावर पांढरा टिळा आहे. बाजारात हरभऱ्याची भाजी लई स्वस्त झालीय. ती ब्लाउज शिवायला घेणार आहे, मशीन गल्लीतल्याच एकीकडं पडून आहे. एवढं भराभर बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, ती बोलत असतानाच तिचा श्वासही ऐकू येतोय.

मी फोन कानाशी घट्ट धरला. ती शेळीचं सांगत होती. शब्दांच्या खालून तो येत होता. सावकाश आत. सावकाश बाहेर. माणूस बोलतो तो श्वास सोडता सोडता. बोलत असताना त्याला तो आत घेता येत नाही.

"शिवे, केसरबाई कुठंय?"

"बाजाराला गेलीय."

"मग तुझ्याजवळ कोण बसलंय?"

"कोण बसंल? कोणी न्हाई."

"पंखा चालू आहे का?"

"जानेवारीत पंखा?" ती हसली. "असं काय करतोस?"

"शिवे, जरा एक मिनिट बोलू नकोस. काहीच बोलू नकोस."

ती गप्प झाली. मागं कुठंतरी जीपवाला ओरडत होता, तो आवाजही गेला. उरला तो श्वासच. घाई नव्हती त्याला. आत. बराच वेळ काही नाही. मग बाहेर. तो आता कुणाचा होता, तिचा का दुसरा, की दोन्ही एकमेकांवर बरोबर बसले होते, मला कळेना. मी घड्याळाकडं पाहिलं, मोजायचं म्हणून. मोजताना माझी नजर खाली, माझ्याच शर्टावर गेली. शर्टाच्या खिशातलं पेन वर येत होतं, थांबत होतं, खाली जात होतं. फोनमध्ये आत, की पेन वर. फोनमध्ये बाहेर, की पेन खाली.

तिला हाक मारायला मी तोंड उघडलं. पण शब्द काढायचा तर श्वास सोडावा लागतो, आणि तो सोडायची वेळ अजून झाली नव्हती.